बुबुळावरील बुरशी आणि दोन औषधांची कसोटी

चैत्र लागला की वाराणसीच्या आसपासच्या खेड्यांतून गव्हाची कापणी सुरू होते आणि पुढे महिनाभर खळ्यांवर भुशाची धूळ उडत राहते. बैलांच्या पायांखाली होणारी मळणी, जिला तिकडील भोजपुरी बोलीत दँवरी म्हणतात, आता बहुतेक ठिकाणी मागे पडली आहे. तिची जागा यंत्राने घेतली. यंत्राच्या तोंडातून भुसा वेगाने बाहेर फेकला जातो आणि पेंढ्या सारणारा माणूस त्याच वाऱ्यात उभा असतो. अशा वेळी एखादे कुसळ डोळ्यात जाणे ही घरी सांगण्याजोगी गोष्टही मानली जात नाही. माणूस डोळा चोळतो, पाण्याचा हबका मारतो, गमछ्याच्या टोकावर फुंकर घालून डोळा शेकतो आणि पुन्हा कामाला लागतो. तीन-चार दिवसांनी डोळा लाल होतो, उजेड सोसेनासा होतो, पाणी वाहू लागते. आठ-दहा दिवसांनी बुबुळावर पांढुरका ठिपका दिसतो. मराठीत याला डोळ्यात फूल पडणे म्हणतात, हिंदी प्रदेशात फूली. इतक्या कठोर गोष्टीला दोन्ही भाषांनी फार कोमल नाव दिले आहे.

या प्रकरणात त्या ठिपक्याच्या एका विशिष्ट कारणाचा, म्हणजे बुरशीचा, आणि ती बुरशी मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या औषधांच्या तुलनेचा विचार करावयाचा आहे. कोणते औषध श्रेष्ठ, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. परंतु त्याचे खात्रीलायक उत्तर मिळण्यास अनेक दशके लागली, आणि जे उत्तर मिळाले ते अनेक तज्ज्ञांच्या अपेक्षेच्या उलट निघाले.

डोळ्याच्या दर्शनी भागी, घड्याळाच्या काचेप्रमाणे बसवलेले जे पारदर्शक पटल असते त्यास स्वच्छमंडल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात; असत्या तर ते पारदर्शक राहिले नसते. या सोयीची किंमतही मोजावी लागते. रक्ताबरोबर वाहत येणाऱ्या संरक्षक पेशी आणि पोटात घेतलेली औषधे तेथवर सहजासहजी पोहोचत नाहीत. पृष्ठभागावरील पेशींचा पातळ थर शाबूत असेतोवर बुरशीला आत शिरकाव नसतो. कुसळाने त्या थरावर ओरखडा काढला, की त्याच कुसळावर बसून आलेले बीजाणू उघड्या जागी रुजतात, त्यांना तंतू फुटतात आणि हे तंतू खोल खोल शिरत जातात. तेथे व्रण होतो. पुढे आतील पोकळीच्या तळाशी पू साचू शकतो, पटल झिजून त्यास भोक पडू शकते, आणि मग प्रश्न दृष्टीचा न राहता डोळाच वाचवण्याचा होतो. बुरशीच्या व्रणाच्या कडा बहुधा पिसासारख्या विस्कटलेल्या असतात, आणि मुख्य व्रणाभोवती लहान लहान ठिपके विखुरलेले दिसतात. तरीही केवळ पाहून केलेले निदान अनुभवी डॉक्टरासही फसवू शकते.

येथे शब्दांविषयी थोडे. शास्त्रीय मराठीत ‘कवक’ हा शब्द रूढ आहे आणि घराघरांत ‘बुरशी’. पावसाळ्यात लोणच्यावर किंवा चामड्याच्या वहाणेवर येणारी जी, तिचीच भावंडे डोळ्यात वाढतात, हे वाचकांच्या मनावर ठसावे म्हणून या अनुवादात बहुतेक ठिकाणी बुरशी हाच शब्द ठेवला आहे. ‘कवकनाशक’ हा जोडशब्द मात्र सोयीचा म्हणून घेतला आहे.

बुरशीमुळे स्वच्छमंडलास व्रण होतो, हे प्रथम स्पष्टपणे नोंदवले ते थिओडोर लेबर या जर्मन नेत्रवैद्याने, १८७९ साली. त्याचा रुग्णही शेतकरीच होता आणि त्यालाही मळणी करताना ओटच्या तुसाने इजा झाली होती. व्रणाची ओळख मात्र त्याहून फार जुनी, आणि ती आपल्याला पुन्हा काशीकडे नेते. सुश्रुताला शल्यशास्त्र शिकवणारा दिवोदास धन्वंतरी हा काशीचा राजा, असे सुश्रुतसंहिता सांगते. तिच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या काळ्या भागाचे चार रोग दिले आहेत आणि त्यांत ‘सव्रण शुक्र’ हा एक आहे. तो कधी बरा होऊ शकतो याच्या अटीही तेथे आहेत. व्रण बाहुलीच्या जवळ नसावा, खोल गेलेला नसावा, स्रवणारा व ठणकणारा नसावा आणि जोडीने आलेला नसावा. एवढे सगळे जुळले तरी तो क्वचितच बरा होतो. प्राचीनांना बुरशीची माहिती होती असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. पण व्रण किती खोल आहे आणि बाहुलीपासून किती दूर आहे, या दोन गोष्टी आजही नेत्रवैद्य आपल्या नोंदीत प्रथम टिपतो.

रोगाचा विस्तार किती? मदुराई जिल्ह्याच्या पाहणीत, दर लाख वस्तीमागे वर्षाला ११३ जणांना स्वच्छमंडलाचा व्रण होतो असा हिशेब १९९६ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील एका परगण्यात हाच आकडा ११ होता. समशीतोष्ण देशांत असे व्रण प्रामुख्याने जीवाणूंमुळे होतात. भारतातील उष्ण व दमट, शेतीप्रधान भागांत त्यांतला फार मोठा हिस्सा बुरशीचा असतो. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठातील वैद्यकविज्ञान संस्थेने पाच वर्षांच्या नोंदी तपासून २०१० साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही काडीकचरा, पाने, भुसा यांनी झालेली इजा हेच कारण ठळकपणे पुढे आले आणि रुग्णांत पुरुषांची संख्या अधिक आढळली. या संस्थेच्या सर सुंदरलाल रुग्णालयात पूर्व उत्तर प्रदेशाबरोबरच पश्चिम बिहार, झारखंड, मध्य प्रदेश व छत्तीसगड येथूनही रुग्ण येतात. रुग्ण बहुधा कमावत्या वयाचा असतो. मोतीबिंदू उतारवयात येतो आणि शस्त्रक्रियेने जातो. हे फूल मात्र तरुणपणी पडते आणि बहुधा तसेच राहते. पन्नाशीच्या आतील अंधांमध्ये स्वच्छमंडलाचे विकार हे भारतातील पहिल्या क्रमांकाचे कारण आहे, ते यामुळेच.

आता औषधांकडे वळू. १९५० नंतरच्या दशकात देशोदेशींच्या मातीतील जीवाणूंतून बुरशीनाशक द्रव्ये मिळवण्याची जणू स्पर्धा लागली होती. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात पीटरमारित्झबर्ग नावाचे गाव आहे. १८९३ साली तरुण बॅरिस्टर गांधींना जेथे गाडीतून खाली उतरवण्यात आले, तेच हे गाव. तेथील मातीच्या नमुन्यातून १९५५ साली हॉलंडमधील संशोधकांनी एक द्रव्य वेगळे केले. प्रांतावरून त्याला नाटामायसिन हे नाव पडले. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीने याच सुमारास अँफोटेरिसिन दिले. मराठी वाचकांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण म्हणजे हॅमायसिन. पुण्याजवळच्या पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात डॉ. म. ज. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधले आणि १९६१ साली जाहीर केले. ते देणाऱ्या जीवाणूच्या शास्त्रीय नावातच ‘पिंप्रिना’ आहे. ही तिन्ही द्रव्ये एकाच रासायनिक कुळातली. बुरशीच्या पेशीच्या आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचा एक स्निग्ध पदार्थ असतो. ही द्रव्ये त्यालाच जाऊन चिकटतात.

डोळ्यासाठी यांपैकी स्थिरावले ते नाटामायसिन. त्याचे ५ टक्क्यांचे थेंब १९७८ साली अमेरिकेत मान्य झाले. हे औषध पाण्यात विरघळत नाही. ते दुधट गढूळ असते, बाटली हलवून वापरावे लागते आणि डोळ्याच्या कडेला त्याचा पांढरा साका राहतो. चीजवर बुरशी येऊ नये म्हणूनही तेच वापरतात, हे कळल्यावर त्याचा दबदबा थोडा कमी होतो खरा. त्याचा मुख्य दोष असा सांगितला जाई, की रेणू मोठा असल्याने ते स्वच्छमंडलात खोलवर झिरपत नाही.

मग २००२ साली व्होरिकोनाझोल आले. हे प्रयोगशाळेत घडवलेले, वेगळ्या कुळातले औषध. ते अर्गोस्टेरॉलला चिकटत नाही, ते तयार होण्याची क्रियाच रोखते. मुळात ते रक्तातील व फुप्फुसातील गंभीर बुरशीसंसर्गासाठी होते. डोळ्यासाठी तयार थेंब नव्हते, म्हणून शिरेतून देण्याची २०० मिलिग्रॅम पूड २० मिलिलिटर पाण्यात विरघळवून १ टक्क्याचे थेंब बनवले जाऊ लागले. हे थेंब स्वच्छमंडलातून आरपार जातात, आतील पाण्यातही पुरेशा प्रमाणात सापडतात, आणि परीक्षानळीत अनेक बुरश्यांना अगदी अल्प मात्रेत रोखतात. नवे, महाग आणि खोल जाणारे! जुन्या गढूळ थेंबांचे दिवस संपले, असे अनेकांना वाटू लागले. कोणी नवे औषध दिले, कोणी जुने, कोणी दोन्ही. आणि प्रत्येकाजवळ आपापल्या बऱ्या झालेल्या रुग्णांचे दाखले होते.

दाखल्यांनी असा वाद मिटत नाही. उथळ व्रणाचा रुग्ण कोणत्याही औषधाने बरा होतो आणि फार खोल व्रणाचा कशानेच होत नाही. ज्या डॉक्टरकडे पहिल्या प्रकारचे रुग्ण अधिक, त्याचे औषध गुणकारी ठरते. यावर उपाय एकच: एका प्रकारचे पुरेसे रुग्ण घ्यावेत, कोणाला कोणते औषध हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दैवावर सोडावे, आणि शेवटी दृष्टी मोजणाऱ्याला ते कळू देऊ नये. यासाठी रुग्णांची मोठी संख्या एका छत्राखाली हवी. अशी संख्या होती ती डॉ. गो. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अकरा खाटांवर सुरू केलेल्या मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात. त्यामुळे वाराणसीच्या शेतकऱ्याला कोणते थेंब द्यावेत, या प्रश्नाचे उत्तर दूर दक्षिणेत शोधले गेले. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रॉक्टर प्रतिष्ठानाच्या सहकार्याने, डॉ. एन. वेंकटेश प्रज्ञा यांच्या नेतृत्वाखाली तेथे काम झाले. आरंभी १२० रुग्णांचा एक लहान प्रयोग झाला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात दोन औषधांत निश्चित म्हणता येईल असा फरक दिसला नाही. मग एप्रिल २०१० ते डिसेंबर २०११ या काळात मोठी चाचणी घेण्यात आली.

तिच्यात ३२३ रुग्ण होते. सर्वांच्या डोळ्यात बुरशी असल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झालेले, आणि सर्वांची दृष्टी ६/१२ ते ६/१२० या दरम्यान, म्हणजे अधू परंतु अजून वाचवता येण्याजोगी. निम्म्यांना नाटामायसिन, निम्म्यांना व्होरिकोनाझोल. पहिला आठवडा जागेपणी दर तासाला एक थेंब, नंतर तीन आठवडे पुरे होईपर्यंत दर दोन तासांनी. हे वाक्य लिहिण्यास सोपे आहे. ठणकत्या डोळ्यात दिवसभर तासातासाला थेंब घालून घेणे काय असते, हे रुग्ण आणि त्याच्या उशाशी बसणारी घरची माणसेच जाणोत.

तीन महिन्यांनी अक्षरांच्या तक्त्यावर दृष्टी मोजली. नाटामायसिन घेतलेले रुग्ण सरासरीने जवळजवळ दोन ओळी, नेमके सांगायचे तर १.८ ओळी, अधिक वाचू शकत होते. ज्यांच्या स्वच्छमंडलाला भोक पडले किंवा डोळा वाचवण्यासाठी तातडीने रोपण करावे लागले, असे रुग्ण नाटामायसिनच्या गटात १८ होते आणि व्होरिकोनाझोलच्या गटात ३४. सहाव्या दिवशी व्रण पुन्हा खरवडून पाहिला, तेव्हा नव्या औषधाच्या गटातील जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या खरवडीतून अजून बुरशी वाढत होती; जुन्या औषधाच्या गटात हे प्रमाण सुमारे १५ टक्के होते. चीज टिकवणारे गढूळ थेंब जिंकले होते. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले.

परंतु या चाचणीतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढेच आहे. ३२३ पैकी १२८ रुग्णांच्या डोळ्यात फ्युजेरियम नावाची बुरशी निघाली. याच प्रजातीची एक जाती तुरीवर मर रोग आणते, तेव्हा शेतकऱ्याला ती अपरिचित नाही. केवळ हे रुग्ण वेगळे काढले, तर नाटामायसिनचा लाभ दोन ओळींवरून चार ओळींवर जातो. आणि फ्युजेरियमखेरीज इतर बुरश्यांचे रुग्ण पाहिले, तर दोन औषधांत फरक जवळजवळ शून्य! म्हणजे ‘श्रेष्ठ औषध कोणते’ या प्रश्नाला ‘कोणत्या बुरशीसाठी’ हे शेपूट जोडल्याखेरीज अर्थ राहत नाही. व्होरिकोनाझोलचा दोष त्याच्या झिरपण्यात नव्हता. फ्युजेरियम त्याला मुळातच दाद देत नाही. आत पोहोचूनही ते तिच्यापुढे दुबळे ठरते. उलट नाटामायसिन कमी झिरपत असले, तरी ५ टक्क्यांचे थेंब म्हणजे दर मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम औषध. असा लेप दर तासाला व्रणावर बसत गेला, की वरच्या थरांतील बुरशीला सुटका नसते.

हा निकाल वाराणसीत जसाच्या तसा लागू करावा काय? दक्षिण भारतातील अहवालांत फ्युजेरियम बहुधा आघाडीवर असते, तर उत्तरेकडील अहवालांत पुष्कळदा ॲस्परजिलस. भुईमुगाच्या ओलसर शेंगांवर जी हिरवट बुरशी धरते, ती याच प्रजातीची. तेव्हा गंगेच्या खोऱ्यात नाटामायसिनचे पारडे मदुराईइतके जड नसेल, अशी शंका रास्त आहे. पण व्यवहारात तिचा परिणाम मर्यादित राहतो, आणि त्याचे कारण निदानाच्या पद्धतीत आहे. व्रणाची खरवड काचपट्टीवर घेऊन तीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, की पेशी विरघळल्यासारख्या होतात आणि बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू काही मिनिटांत दिसू लागतात. सूक्ष्मदर्शक आणि सरावलेली नजर असली की हे काम जिल्ह्याच्या ठिकाणीही होऊ शकते. मात्र फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस यांचे तंतू या परीक्षेत सारखेच दिसतात. जात कळण्यासाठी बुरशी वाढवून पाहावी लागते आणि त्यात काही दिवस जातात. औषध तर आजच सुरू करावयाचे असते. अशा वेळी जे एका बुरशीवर निश्चित सरस आणि दुसरीवर निदान बरोबरीचे, त्यानेच आरंभ करणे शहाणपणाचे. मला हा युक्तिवाद निर्दोष वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली नाटामायसिनचे थेंब आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

पुढे आणखी दोन तुलना झाल्या. व्रण फारच वाढला असेल तर थेंबांच्या जोडीला व्होरिकोनाझोलच्या गोळ्या द्याव्यात काय, हे २४० रुग्णांवर तपासले गेले. वाराणसीहून गोरखपूरमार्गे सोनौलीची सीमा ओलांडली की लागणाऱ्या भैरहवा गावातील लुंबिनी नेत्र संस्थाही यात सहभागी होती. २०१६ साली निष्कर्ष आला: गोळ्यांनी डोळ्यास भोक पडण्याचे प्रमाण निश्चितपणे कमी झाले नाही, अन्य त्रास मात्र वाढले. दुसरी तुलना नेपाळमधीलच लहान येथे झाली. क्लोरहेक्सिडीन हे जखमा धुण्याचे स्वस्त द्रव्य सर्वत्र मिळते, त्याचे ०.२ टक्क्यांचे थेंब नाटामायसिनची जागा घेऊ शकले असते, तर गरीब देशांचा मोठा प्रश्न सुटला असता. ३५४ रुग्णांच्या या चाचणीचा निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला आणि येथेही नाटामायसिनच सरस ठरले.

तरीही कोणतेही थेंब गमावलेले दिवस परत आणून देत नाहीत. खेड्यातील रुग्ण पहिल्या दिवशी नेत्रवैद्याकडे जात नाही. तो औषधाच्या दुकानात जातो आणि ‘लाल डोळ्याचे थेंब’ मागतो. त्या थेंबांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. त्याने लाली उतरते, ठणका कमी होतो, आणि दोन दिवस बरे वाटते. आत मात्र शरीराचा प्रतिकार निजवला गेल्याने बुरशी मोकळेपणी पसरते. अशा डोळ्यात नंतर उत्तमातले उत्तम औषध घातले, तरी ते खोल गेलेल्या तंतूंपर्यंत पोहोचत नाही. औषधांच्या तुलनेचे सर्व आकडे या विलंबाच्या पार्श्वभूमीवरच वाचले पाहिजेत.

ओरखडा पडताच काही केले तर? नेपाळच्या भक्तपूर जिल्ह्यात सुमारे ३५,००० लोकांवर दोन वर्षे लक्ष ठेवून हे पाहण्यात आले. ज्याच्या डोळ्यावर ओरखडा आढळे, त्याला गावातील शिकवलेला कार्यकर्ता क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस घालावयास देई. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींनुसार अशा ४४२ जणांपैकी ४२४ जणांचे ओरखडे संसर्गाविना भरून आले; इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत ज्यांनी मलम सुरू केले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. क्लोरॅम्फेनिकॉल जीवाणूंवरचे औषध आहे, बुरशीवरचे नव्हे. म्हणून दक्षिण भारतात काहींना त्याच्या जोडीला कवकनाशक मलमही देऊन पाहिले. त्याने वेगळा लाभ झाला नाही; केवळ जीवाणूनाशक मलमानेही बुरशीचे व्रण टळलेले दिसले. ओरखडा स्वच्छ राहून लवकर मिटला, की बुरशीला उघडी जागाच उरत नाही, असा याचा उलगडा संभवतो. यावरून खेडोपाडी असे कार्यकर्ते नेमले की प्रश्न सुटला असे वाटेल. पण नेपाळमध्येच पुढे पुष्कळ गावांना घेऊन केलेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ साली आले, तेव्हा कार्यकर्ते असलेल्या आणि नसलेल्या गावांतील व्रणांच्या प्रमाणात फरक आढळला नाही. मलम गावात असून भागत नाही. कुसळ गेलेला माणूस त्याच दिवशी खळ्यावरून उठून ते मागण्यास यावा लागतो, आणि मळणीच्या दिवसांत यंत्र भाड्याने आणलेले असते.